ताऱ्यांची साक्ष : उपाहारगृह निवडताना ऑनलाइन अभिप्रायांवर किती विसंबावे

उपाहारगृह, म्हणजे मराठी बोलण्यात ज्याला सरसकट 'हॉटेल' म्हटले जाते ते, निवडण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे 'रेटिंग' पाहण्याची पद्धत महाराष्ट्रातील शहरांत आता इतकी रुळली आहे की ओळखीच्या माणसाला विचारण्याचा मार्ग अनेकदा नंतर सुचतो. या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. 2008 साली 'फूडीबे' या नावाने दिल्लीतील उपाहारगृहांची मेनूकार्डे इंटरनेटवर उपलब्ध करून देणारी जी सेवा सुरू झाली, तीच 2010 पासून 'झोमॅटो' म्हणून ओळखली जाऊ लागली. 2014 साली बंगळुरूत सुरू झालेल्या 'स्विगी'ने घरपोच जेवणाच्या व्यवहाराला गती दिली. आणि 'गूगल मॅप्स'वर तर रस्ता शोधणाऱ्यालाही वाटेतल्या खानावळीच्या नावापुढे ताऱ्यांचा आकडा दिसू लागला. या सर्व ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी असतात. एक म्हणजे मानांकन, म्हणजे एक ते पाच ताऱ्यांची सरासरी. दुसरी म्हणजे अभिप्राय, म्हणजे ग्राहकाने लिहिलेला मजकूर. या दोहोंची विश्वासार्हता सारखी नसते, आणि पुढील विवेचनाचा मुख्य मुद्दा हाच आहे की आकड्यापेक्षा मजकुराला, आणि मजकुरातही मतापेक्षा माहितीला अधिक वजन द्यावे.

दुसऱ्याच्या शब्दावर केव्हा विश्वास ठेवावा, हा प्रश्न भारतीय न्यायशास्त्राने फार पूर्वी बारकाईने हाताळला आहे. दुसऱ्याच्या सांगण्यातून होणाऱ्या ज्ञानाच्या साधनाला तेथे 'शब्दप्रमाण' म्हटले आहे आणि ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्याला 'आप्त' ही संज्ञा दिली आहे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यानुसार आप्त तो, ज्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान झालेले आहे आणि जे जसे पाहिले ते तसे सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो. मराठीत 'आप्त' हा शब्द पुढे नातेवाइकांपुरता उरला. तथापि त्याच्या मूळ अर्थातील दोन्ही कसोट्या मोबाइलवरील अभिप्रायाला जशाच्या तशा लावता येतात. लिहिणारा तेथे खरोखर जेवला आहे काय, आणि घडले तसे सांगण्याखेरीज त्याचा दुसरा काही हेतू आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक अभिप्रायाला विचारले पाहिजेत. खाण्याच्या बाबतीत तिसरा प्रश्नही जोडावा लागतो, तो म्हणजे लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची जीभ एकाच चवीवर वाढली आहे काय.

प्रथम आकड्याचा विचार करू. सरासरी ही संख्या अनेक अनुभवांना एकत्र करते आणि ते करताना त्यांच्यातील फरक झाकून टाकते. एखाद्या ठिकाणी शंभर ग्राहकांनी प्रत्येकी चार तारे दिले, तर सरासरी 4.0 येते, दुसऱ्या ठिकाणी 75 जणांनी पाच तारे आणि 25 जणांनी एक तारा दिला, तरी सरासरी तीच येते. पहिल्या ठिकाणी बेताचे पण खात्रीचे जेवण मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी दर चारांपैकी एक ग्राहक संतापून बाहेर पडतो. आकडा मात्र दोघांना एकाच पंक्तीला बसवतो. म्हणून सरासरीच्या शेजारी दाखवलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे कोणत्या ताऱ्याला किती मते पडली याचा तपशील, अवश्य पाहावा. मतांची संख्याही तितकीच महत्त्वाची असते. बारा मतांपैकी दहा पाच ताऱ्यांची आणि दोन चार ताऱ्यांची असतील, तर सरासरी 4.83 होते, त्यात एक तारा देणाऱ्या दोघांची भर पडली की ती 4.29 वर उतरते. तीन हजार मतांवर उभ्या असलेल्या 4.3 या सरासरीला तीच दोन मते हलवूही शकत नाहीत. यावरून हे स्पष्ट होते की नव्या किंवा लहान ठिकाणाच्या आकड्यावरून कौतुक किंवा निंदा यांपैकी काहीही ठरवणे घाईचे असते, आणि 4.2 व 4.4 यांतील फरकावरून दोन उपाहारगृहांत निवड करणे तर जवळजवळ नाणे उडवण्यासारखेच असते.

आकडा ज्या मतांवर उभा असतो ती मते देणारे लोक सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी नसतात. बहुसंख्य ग्राहक जेवतात, बिल देतात, बडीशेप तोंडात टाकतात आणि घरी जातात. लिहिण्याची तसदी बहुधा तेच घेतात जे फार खूश असतात किंवा फार चिडलेले असतात. याला संशोधनात 'स्वयंनिवड' म्हणतात, म्हणजे मत देणाऱ्यांची निवड कोणी केलेली नसून ते स्वतःच पुढे आलेले असतात. त्यामुळे मते दोन टोकांना गोळा होतात आणि मधली, म्हणजे बहुतेकांच्या खऱ्या अनुभवाची, जागा रिकामी राहते. शिवाय आधीच दिसणारे मत पुढच्याच्या मतावर छाप टाकते. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका संकेतस्थळावरील काही टिप्पण्यांना संशोधकांनी आरंभीच एक कृत्रिम अनुकूल मत देऊन ठेवले, तेव्हा त्या टिप्पण्यांचे अंतिम गुणांकन सरासरीने 25 टक्के वाढले. तो प्रयोग जेवणाविषयी नव्हता, पण पहिल्या चार-पाच अभिप्रायांना मिळणारे अवाजवी महत्त्व त्यावरून समजते, आणि उद्घाटनाच्या आठवड्यात मित्रमंडळींकडून तारे गोळा करण्याची धडपड का होते हेही समजते.

ही धडपड केवळ हौसेची नसते, तिच्यामागे पैसा असतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांनी 2011 साली सिअॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून असे दाखवले की 'येल्प' या अमेरिकी संकेतस्थळावरील मानांकनात एका ताऱ्याची वाढ झाली की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते. विशेष म्हणजे हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, साखळी उपाहारगृहांवर नाही, कारण साखळीत काय मिळणार हे ग्राहकाला आधीच ठाऊक असते. जेथे एका ताऱ्याला एवढी किंमत आहे, तेथे खोटे तारे तयार होणे अटळ आहे. लुका आणि जॉर्जिओस झर्व्हास यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनमधील उपाहारगृहांवरचे सुमारे 16 टक्के अभिप्राय 'येल्प'च्या यंत्रणेने संशयास्पद ठरवून बाजूला काढल्याचे आढळले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष वाचकाच्या अधिक उपयोगाचा आहे : ज्यांची ख्याती कच्ची असते, म्हणजे ज्यांच्याकडे अभिप्राय थोडे असतात किंवा नुकतेच वाईट अभिप्राय आलेले असतात, ते स्वतःची खोटी स्तुती करवून घेण्याकडे अधिक झुकतात, आणि जवळपास तशाच पदार्थांची स्पर्धा वाढली की खोटी निंदा वाढते. तेव्हा एकाच चौकात मिसळीची चार दुकाने असतील, तर तेथील टोकाच्या स्तुतीकडे आणि टोकाच्या निंदेकडेही सावधपणे पाहिले पाहिजे.

खोटेपणा किती दूर जाऊ शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनमधील आहे. ऊबा बटलर या लेखकाने 2017 साली स्वतःच्या घरामागच्या शेडला 'द शेड अॅट डलिच' असे नाव देऊन 'ट्रिपअॅडव्हायझर' या संकेतस्थळावर तिची उपाहारगृह म्हणून नोंद केली, परिचितांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये हे अस्तित्वातच नसलेले उपाहारगृह लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ट्रिपअॅडव्हायझरवरील त्या अभिप्रायांतील एकही लेखक तेथे जेवलेला नव्हता, कारण तेथे जेवणच मिळत नव्हते.

भारतात या व्यवहाराची एक वेगळी आणि अधिक क्लेशकारक बाजू आहे. 'घरबसल्या काम' देण्याच्या आमिषाने व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर जे संदेश येतात, त्यांतील पहिले काम बहुधा एखाद्या हॉटेलला किंवा उपाहारगृहाला नकाशावर पाच तारे देऊन त्याचा स्क्रीनशॉट पाठवण्याचे असते. आरंभी त्याचे शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात, आणि विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली रक्कम भरायला लावून मोठा गंडा घातला जातो. अशा फसवणुकीत गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे आयुष्यभराची बचत गमावून बसली आहेत. या कामातून पडलेले तारे मात्र त्या उपाहारगृहाच्या पानावर तसेच राहू शकतात आणि त्यांची कल्पना खुद्द मालकालाही नसणे शक्य आहे. म्हणून असा संदेश आल्यास काम स्वीकारू नये, आणि पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर गुन्ह्यांसाठीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

खोटा अभिप्राय नुसत्या नजरेने ओळखता येतो, ही समजूत सोडून देणे हिताचे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली शिकागोतील 20 निवासी हॉटेलांविषयीचे 400 खरे आणि पैसे देऊन लिहवून घेतलेले 400 खोटे अभिप्राय एकत्र केले, तेव्हा परीक्षक म्हणून बसवलेल्या माणसांचा अंदाज नशिबाने बरोबर येण्यापेक्षा फारसा सरस ठरला नाही, तर संगणकीय पद्धतीने सुमारे 90 टक्के अचूकता गाठली. खऱ्या अभिप्रायांत जागेविषयीचे मूर्त तपशील अधिक आढळले, तर खोट्या अभिप्रायांत प्रवासाचा हेतू आणि सोबतची माणसे यांचे उल्लेख अधिक होते. हा अभ्यास राहण्याच्या हॉटेलांचा होता, आणि आता सफाईदार मजकूर यंत्राकडूनही क्षणात मिळतो, त्यामुळे भाषेच्या शुद्धतेवरून किंवा ओघावरून काहीच सिद्ध होत नाही. तथापि मूर्त तपशिलाची कसोटी अजूनही उपयोगी आहे. 'अप्रतिम चव, उत्तम सेवा, नक्की भेट द्या' या वाक्यातून वाचकाला काहीही कळत नाही, मग ते खरे असो वा खोटे. 'रविवारी एक वाजता चाळीस मिनिटे थांबावे लागले, भाकरी मागून घ्यावी लागते, थाळीत रस्सा दोनदाच वाढतात' या वाक्यातून मात्र पुष्कळ कळते. याखेरीज लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याचे इतर अभिप्राय पाहावेत. एकाच दिवशी पुणे, जयपूर आणि कोची येथील ठिकाणांना पाच-पाच तारे देणारा माणूस तेथे जेवलेला नसतो. थोड्या दिवसांत अचानक आलेली स्तुतीची लाट, आणि बिलासोबत 'पाच तारे द्या, गोड पदार्थ मोफत' अशी विनंती, याही शंकेच्या जागा आहेत. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या नियमांतही बसत नाही.

प्रामाणिक अभिप्रायही वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरू शकतो, आणि महाराष्ट्रासारख्या चवींच्या प्रदेशात असे वारंवार घडते. नागपूरच्या सावजी भोजनालयाविषयी 'फारच तिखट आणि तेलकट' म्हणून एक तारा देणारा बाहेरगावचा ग्राहक खोटे बोलत नसतो, पण सावजी रस्सा ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी तो शेरा जवळजवळ प्रशस्तिपत्र असतो. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा खायला गेलेल्या माणसाने पांढरा रस्सा 'पातळ सूपसारखा' असल्याची तक्रार केली, तर त्याला पदार्थच माहीत नव्हता एवढेच सिद्ध होते. 'दुपारी एकला मिसळ संपली होती' म्हणून दिलेला एक तारा प्रत्यक्षात हेच सांगतो की तेथे माल रोजच्या रोज ताजा केला जातो आणि सकाळी लवकर गेले पाहिजे. गोव्यातील अनेक स्थानिक खानावळी दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात. चार वाजता दार बंद पाहून रागावलेल्या पर्यटकाचा तारा तेथील माशांच्या कालवणाविषयी काहीच सांगत नाही. अशा वेळी ताऱ्यांची संख्या विसरून तक्रारीचे कारण वाचावे आणि ते कारण स्वतःला लागू पडते की नाही हे ठरवावे. त्या प्रदेशाच्या भाषेत, त्या प्रदेशातल्या माणसाने लिहिलेल्या दोन ओळी पर्यटकांच्या पन्नास अभिप्रायांपेक्षा अधिक मोलाच्या असतात. कोल्हापूरच्या खानावळीसाठी मराठी आणि मंगळुरूच्या खानावळीसाठी कन्नड वा तुळू मजकूर शोधावा, गरज पडल्यास यंत्रानुवादाची मदत घ्यावी.

येथे साक्षात ज्ञानाची कसोटी पुन्हा उपयोगी पडते, कारण कोणत्या बाबतीत साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहायला मिळते आणि कोणत्या बाबतीत नाही, हे तिच्यामुळे वेगळे काढता येते. गाडी लावायला जागा आहे का, पायऱ्या किती चढाव्या लागतात, रोख पैसे लागतात की यूपीआय चालते, ताटाची किंमत किती, स्वच्छतागृह कसे आहे, जैन पद्धतीचे मिळते का, या गोष्टी कोणताही ग्राहक डोळ्यांनी पाहतो आणि त्याविषयी खोटे सांगण्यात त्याला काही लाभ नसतो. म्हणून त्यांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, फक्त तारीख तपासावी, कारण दोन वर्षांपूर्वीच्या मेनूकार्डाच्या छायाचित्रातील भाव आज राहिलेला नसतो. स्वयंपाकघराची स्वच्छता मात्र ग्राहकाला दिसत नाही. बाहेरची चकचकीत टेबले पाहून 'अतिशय स्वच्छ' असे लिहिणारा ग्राहक आतल्या ओट्याची साक्ष देऊच शकत नाही. त्यासाठी वेगळे पुरावे आहेत : अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 अन्वये दिलेला परवाना किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, जो उपाहारगृहात दर्शनी जागी लावलेला असला पाहिजे, आणि काही ठिकाणी 'हायजीन रेटिंग', म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या संस्थेने तपासणी करून दिलेले स्वच्छतेचे मानांकन. हे मानांकन ऐच्छिक असल्यामुळे ते नसणे हा दोष ठरत नाही. असणे मात्र शंभर स्तुतींपेक्षा वजनदार आहे.

घरपोच मागवताना आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. झोमॅटोवर बसून जेवण्याचे आणि घरी मागवण्याचे मानांकन वेगवेगळे असते, आणि घरी मागवलेल्या जेवणाच्या ताऱ्यांत स्वयंपाकाबरोबर डबाबंदी आणि वाहतूक यांचाही हिशेब मिसळलेला असतो. 'क्लाउड किचन', म्हणजे बसायची जागा नसलेले आणि केवळ घरपोच विक्रीसाठी चालणारे स्वयंपाकघर, एकाच ओट्यावरून अनेक नावांनी विक्री करू शकते. उदाहरणार्थ 'फासोज', 'बेहरूझ बिर्याणी' आणि 'ओव्हन स्टोरी' ही तिन्ही नावे रेबेल फूड्स या एकाच कंपनीची आहेत. यात गैर काहीच नाही, पण तीन वेगळी मानांकने पाहून तीन वेगळी स्वयंपाकघरे डोळ्यांपुढे आणणे चुकीचे ठरते.

कायद्याचा आधार आहे, पण तो अपुरा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार ई-कॉमर्सवरील विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या वस्तू वा सेवेविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यांविषयी आयएस 19000:2022 हे मानक जारी केले, परंतु ते ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मात्र खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू केला आहे. इन्स्टाग्राम वा यूट्यूबवरील खाद्ययात्रांच्या चित्रफितींबाबत भारतातील मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत की पैसे किंवा फुकट जेवण घेतले असेल तर तसे ठळकपणे सांगितले पाहिजे. ज्या चित्रफितीत बिल कोणी भरले हे कळत नाही, ती जाहिरात समजून पाहावी.

अभिप्रायांची गरजही प्रसंगागणिक कमी-जास्त होते. गल्लीतील खानावळ रोजच्या गिऱ्हाइकांवर जगते; ते गिऱ्हाईक नाराज झाले तर उद्या येत नाही, म्हणून दुपारी एक वाजता तेथे कोण जेवते आहे हे पाहणे कोणत्याही आकड्यापेक्षा खरे असते. मुंबई–गोवा महामार्गावर किंवा पर्यटनस्थळी मात्र ग्राहक पुन्हा येणार नसतो, मालकाला त्याच्या नाराजीची झळ लागत नाही, आणि तेथेच अनोळखी माणसाने लिहून ठेवलेला इशारा सर्वाधिक उपयोगी पडतो. अशा ठिकाणी सर्वोत्तम जागा शोधण्यासाठी अभिप्राय वाचू नयेत, धोक्याची जागा टाळण्यासाठी वाचावेत. गेल्या तीन-चार महिन्यांतील दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत, कारण ते लिहिणारा बहुधा वाईटाबरोबर चांगलेही नोंदवतो, आणि एकच तक्रार निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या तारखांना केलेली असेल तर ती खरी मानावी. मालकाने दिलेले उत्तरही वाचण्यासारखे असते. सर्वांना एकच छापील दिलगिरी लिहिणारा आणि 'त्या दिवशी आचारी रजेवर होता, आता नवा माणूस ठेवला आहे' असे सांगणारा, यांतला फरक उघड आहे. बारसे, साठी किंवा साखरपुड्यासाठी चाळीस-पन्नास माणसांची सोय करायची असेल, तर कोणत्याही अभिप्रायावर न विसंबता दोघा-तिघांनी आधी स्वतः जाऊन, कार्यक्रमाच्याच वेळेला, तेच ताट जेवून यावे.

जेवणानंतर प्रकृती बिघडली तर केवळ एक तारा देऊन थांबू नये. बिल जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 1800112100 या क्रमांकावर तक्रार करावी, आणि बिलाविषयी वाद असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकाचा उपयोग करावा. अनुभव चांगला असेल तर मात्र लिहिण्याचा कंटाळा करू नये, विशेषतः ज्या खानावळीचे मालक स्वतःच वाढतात, स्वतःच ताटे उचलतात आणि ज्यांना मोबाइलवरचे पान सांभाळायला सवड नाही, त्यांच्याविषयी. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय खाल्ले, किती पैसे पडले आणि काय आवडले नाही, एवढे चार-पाच ओळींत मराठीत लिहावे. पुढच्या वाचकाला त्याहून अधिक काही लागत नाही.